रोग्याजवळ कोण आसा?

द्वारका नर्सचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिचा आवाज मी सहा वर्षं ऐकत आलो होतो. त्या सहा वर्षांत आमचं दिवसाआड तरी बोलणं व्हायचं, पण 'कसे आहात, बरे आहात' एवढंसुद्धा कधी झालं नाही. मी पोस्टातला फोन लावून द्यायचा, तिने तालुक्याच्या दवाखान्यातला फोन उचलायचा, आणि आमच्या दोघांच्या मध्ये कुणाचं तरी मूल नाहीतर म्हातारी तापाने फणफणत असायची. आज गुडघे चोळत बसलो की त्या गावातल्या पुष्कळ माणसांची नावं मला आठवत नाहीत. तो आवाज मात्र आठवतो. जरा घोगरा, दमलेला, नुकतंच कुणाला तरी रागावून आल्यासारखा.

गावाचं नाव सांगत नाही. ज्या घरांविषयी लिहिणार आहे त्या घरांतून अजून माणसं नांदताहेत. देवबागेसारखीच मालवण किनाऱ्यावरची ती एक वाळूची पट्टी होती, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा मी पोस्टमास्तर म्हणून तिथे गेलो. तिथून दवाखान्यात जायचं म्हणजे होडीने खाडी ओलांडायची, पुढे तीन मैल चालायचं आणि मग नशिबात असली तर एस.टी. चालता न येणाऱ्या रोग्याला खुर्चीत बसवून, खुर्चीला दोन बांबू बांधून चौघांनी खांद्यावर न्यायचं. मी कित्येक खुर्च्या जाताना पाहिल्या. काही रोगी वाटेत जास्त आजारी व्हायचे, तर काही वाटेतच बरे होऊन चालत परत यायचे. कुणाला न्यायचं आणि कुणाला नाही, हे कळायला काही मार्गच नव्हता.

मग पोस्टात फोन आला. हँडल फिरवायचं, तालुक्याच्या एक्स्चेंजमधली बाई बोलली की नंबर सांगायचा आणि वाट बघायची. कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. सुरुवातीचे महिने त्याचा उपयोग मासळीचे व्यापारी आणि मुंबईला तातडीचा निरोप देणारे यांनाच झाला. एके दिवशी भिकाजी नावाचा मासेमारी करणारा गाबीत घामाघूम होऊन आला. त्याच्या आईला आदल्या रात्रीपासून जुलाब होत होते. तिला खुर्चीत घालून न्यावं की डॉक्टरच इकडे येतील, एवढं त्याला विचारायचं होतं. मी फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. तो इतक्या मोठ्याने ओरडत होता आणि पलीकडूनही इतक्या मोठ्याने ओरडणं चाललं होतं, की दोन्ही बाजू मला ऐकू येत होत्या.

"डॉक्टर फिरतीर आसत," पलीकडची बाई म्हणाली. "मी नर्स. रोग्याजवळ कोण आसा?"

"सगळी आसत."

"सगळी म्हणजे कोणच नाय. एकाचा नाव सांग."

भिकाजी गोंधळला. "माझी भयण. सुंदर."

"बरा. सुंदरेक सांग, पेजेच्या पाण्यात मीठ घालून चमच्या-चमच्यान देत रव. ओकली तरी परत दी. सांजपर्यंत मुताक नाय झाला तर हाड, दवाखान्यात घेवन ये. आता खुर्चेर बांधून उन्हातसून हाडलंस, तर अंगात उरला आसा ता पाणी वाटेतच संपतला."

भिकाजीने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, ही बाय कोण?" मला तरी कुठे माहीत होतं! चौथ्या दिवशी म्हातारी अंगणात बसून मासे निवडत होती, आणि आठवड्याभरात पोस्टाच्या बाकावर माणसं बसू लागली. ती पत्रासाठी येत नव्हती, पाकिटासाठीही नाही. 'नर्सबायक विचारूक' येत होती.

फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "रोग्याजवळ कोण आसा?" नाव-गाव सगळं त्यानंतर. हे असं का, ते मी पुढे तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मी हयसून काय करतलंय मास्तर? माझे हात फोनातसून जातत थोडेच? जो जवळ आसा तेचेच हात माझे. तो कोण, ता आधी कळाक नको?"

सांगणाऱ्याने न पाहता बोललेलं तिला अजिबात खपत नसे. "ताप आहे," म्हटलं की "कोणी हात लावून बघलो?" आणि "माका काय म्हायत, बायल म्हणाली," असं उत्तर आलं की तिचा आवाज चढायचा. "तू बघूक नाय, मी बघूक नाय, मग आपण बोलतंव कोणाबद्दल? घराक जा. बघ. परत ये." माणूस दोन मैल वाळू तुडवत आलेला असायचा. तो शिव्या देत परत जायचा आणि पाहून पुन्हा यायचा. दुसऱ्या खेपेला मात्र तो पाहूनच येई. वर्षभरात आमच्या गावाला रोगी बघायची सवय लागली. नखं कुठल्या रंगाची आहेत, बोलताना वाक्य पुरं होतं की मध्येच दम लागतो, पेज पोटात राहिली का, हे सगळं पाठ करून माणसं येत. घड्याळ कुणाकडे नव्हतं, म्हणून तिने श्वास मोजायची वेगळीच रीत शिकवली होती. "तुझो एक श्वास होयसर पोराचे किती जातत?" एक रापणीचं जाळं ओढणारा दांडगा गडी फोनात "माझ्या एकाक तेचे तीन" असं सांगताना मुलासारखा रडला होता, हे मी पाहिलंय. त्याला तिने धीर दिला नाही. धीर देणं तिला जमतच नसे. "घाबारलंस ता बरा झाला," ती म्हणाली. "आता आयक. पोराक उभा धरून हाड, निजवन नको. धाव." ते पोर वाचलं.

एक्स्चेंजच्या नियमाप्रमाणे तीन मिनिटं झाली की मधली बाई बोलायची, "तीन मिनिटं झाली." द्वारका नर्सचं सगळं त्या तीन मिनिटांत बसायचं. क्वचित नाही बसलं तर मधल्या बाईला वेळ मोजायचं कसं कोण जाणे, विसरायला होई. मी कधी वर कळवलं नाही.

बाबलची गोष्ट सांगायलाच हवी. बाबल हा माडावर चढणारा, तोंडाचा भलताच मोकळा माणूस, पण त्या दिवशी फोन हातात धरून मुका झाला. बायको बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. पोस्टात आम्ही सातआठ जण. आमच्याकडे चार माणसांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, तिच्या शरीराचं बोलणं तर लांबच. तो नुसता म्हणत राहिला, "घराकडे जरा बरा नाय." नर्स विचारते आहे, हा "बरा नाय"च्या पुढे जाईना. दोन मिनिटं अशीच गेली. मग फोनातून आवाज आला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला, "तुज्या बाजूक कोण कोण उभे आसत? तेंका भायर घाल. मास्तरांकव."

मी सरकारी कर्मचारी. तिजोरी, तिकिटं, टपालाच्या पिशव्या टाकून पोस्टमास्तरने पोस्टाबाहेर उभं राहायचं, हे कुठल्या नियमात बसतं? तरी मी बाहेर गेलो आणि उंडिणीच्या झाडाखाली बाकीच्यांबरोबर उभा राहिलो. आतून बाबलचा आवाज येत होता, पण आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून मासळीच्या भावाबद्दल मुद्दाम मोठ्याने बोलत होतो. बाबल बाहेर आला तो सरळ खुर्ची आणायला पळाला. त्याच्या बायकोचं रक्त जात होतं आणि घरातल्या म्हाताऱ्या 'होणारच' म्हणून गप्प होत्या. ती वाचली. त्या दिवसापासून रीतच पडली. कुणी नर्सचा फोन घेतला, की आम्ही सगळे न सांगता बाहेर जाऊन उभे राहायचो. हे इन्स्पेक्टर साहेबांना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

या फोनामुळे दवाखान्यातली गर्दी बरीच कमी झाली. पुढे एकदा तिनेच मला सांगितलं, डॉक्टर तिच्यावर चिडले होते. ते म्हणायचे, "तुझ्या फोनामुळे अर्धे लोक येत नाहीत, आणि येतात ते सगळे खरोखरीचे आजारी." हे सांगताना ती हसली. तिचं हसणं मी दोनतीनदाच ऐकलं असेल.

मंगलचं मरण या सगळ्याच्या ऐन भरात झालं.

आमच्या गावात विस्तव मागून नेतात, विरजण मागून नेतात, कोयता नेतात. शेजाऱ्याने मागितलेली वस्तू नाही म्हणून सांगणं पाप समजतात. नर्सचा सल्लाही लोक असाच उसना नेऊ लागले होते, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका घरी पोराच्या खोकल्यावर तिने काही सांगितलं की आठवड्यात ते चार घरांत पोचायचं. 'नर्सबायन सांगितल्यान' म्हटलं की पुन्हा फोन करायची गरज काय?

गणपतच्या नातवाचं पोट दुखत होतं. नर्सने सगळं विचारलं आणि सांगितलं, एरंडेल द्या, पोट शेका, उद्यापर्यंत बघा. पोराने कच्च्या करवंदांचा फडशा पाडला होता. ते दुसऱ्या दिवशी खेळायला लागलं. पंधरा दिवसांनी गणपतचा शेजारी दादू पोस्टात आला. त्याच्या नातीचं, मंगलचं पोट दुखत होतं. दहा वर्षांची मुलगी, शाळेत पहिली यायची. मी फोन लावायला घेतला, पण त्या दिवशी लाइन मिळेना. दादू दोन तास बाकावर बसला. तेवढ्यात गणपत मनीऑर्डरीची चौकशी करायला आला.

"कित्याक बसलंस?" त्याने विचारलं.

"मंगलेच्या पोटात दुखता. नर्सबायक विचारतंय."

"अरे, पोटाचो सल्लो माज्याकडे आसा! बायन दिलेलोच. एरंडेल दी आणि शेक. चल घराक."

दादूने माझ्याकडे पाहिलं. पोस्टमास्तर शिकलेला माणूस, तो काय म्हणतो हे त्याला हवं होतं. दोन तास हँडल फिरवून माझा हात दुखत होता. मला घरी जेवायला जायचं होतं. मी मान डोलावली. आज एवढ्या वर्षांनीही जेवायला बसलो की ती मान मला आठवते.

एरंडेल दिलं, पोट शेकलं. मुलीला दुखत होतं उजव्या बाजूला, खाली. तिचं आतडं सुजलं होतं. तिला एरंडेल देणं म्हणजे घात. तिसऱ्या दिवशी दादू धावत आला. लाइन लगेच लागली. नर्सने तीन प्रश्न विचारले आणि एवढंच म्हणाली, "हाड. आत्ताच्या आत्ता." मुलगी दवाखान्यात पोचली, पण मोठ्या इस्पितळाची गाडी येईपर्यंत तिने द्वारका नर्सच्या हातात जीव सोडला.

पाचव्या दिवशी होडीतून एक बाई उतरली. ठेंगणी, काळीसावळी, पांढरं नऊवारी, हातात काळी छत्री. तिने वाटेत मला विचारलं, "दादूचा घर खंय?" आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. आवाज तोच होता. मी तिला घेऊन गेलो.

दादू अंगणात बसला होता. तिला पाहून त्याने हात जोडले. त्याला राग नव्हता, तक्रार नव्हती, आणि तेच बघवत नव्हतं. तो म्हणाला, "बाय, तुमी सांगितलात तसाच केलव."

तो सल्ला तिने त्याला दिलाच नव्हता. तिने एवढं जरी म्हटलं असतं तरी सगळ्या गावाने मान्य केलं असतं. ती आत गेली. मंगलच्या आईजवळ तासभर बसली. मग पोस्टात आली, बाकावर टेकली, माझ्याकडून पाणी घेतलं.

"गणपतान तेका सल्लो दिल्यान, तेवा तुमी हयच होतात?" तिने विचारलं.

"होतंय," मी म्हटलं.

तिने मला दोष दिला नाही. पेला पालथा घातला आणि होडीकडे गेली. मी आयुष्यात अनेकांची बोलणी खाल्ली, पण त्या पालथ्या पेल्याएवढं काही लागलं नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी तिला फोनावर सांगायची बंदी केली. मला वाटतं तिलाही तेच हवं होतं. दीड महिना फोन दुसरंच कुणी उचलायचं आणि "रोग्याला घेऊन या" एवढं सांगून ठेवायचं. लोक पुन्हा खुर्च्या बांधू लागले. वैशाखातले दिवस. भिकाजीच्या आईला, त्याच त्या म्हातारीला, पुन्हा जुलाब झाले. विचारायला कोणी नाही, म्हणून तिला खुर्चीत बांधून दुपारी नेली. ती वाटेतच गेली, खाडीच्या पलीकडे, एका आंब्याखाली.

त्या आठवड्यात मी कुणाच्या तरी मुलासाठी फोन लावला आणि पलीकडून घोगरा आवाज आला, "रोग्याजवळ कोण आसा?"

"बाय, तुमी?" माझ्या तोंडून गेलं.

"फोन घेतलो तरी माणूस मरता, घेतलो नाय तरी मरता," ती म्हणाली. "आता फोन रोग्याच्या माणसाक द्या. येळ जाता."

डॉक्टरांची बंदी उठली की तिने मोडली, ते मला कळलं नाही, पण त्यानंतर तिने एक नवी गोष्ट सुरू केली. बोलणं संपलं की विचारणाऱ्याकडून वदवून घ्यायची, "ह्यो सल्लो फक्त अमक्याचो. मी दुसऱ्या कोणाक देवचंय नाय." रोग्याचं नाव घेऊन, मोठ्याने. लोकांना ते अपमानासारखं वाटलं. शेजाऱ्याला नाही म्हणायला शिकवते ही बाई, असं म्हणाले. एकाने तर चिडून फोन आपटला. तिने उलट पोस्टात फोन लावला आणि त्याच्याकडून वदवून घेतलंच. रोग्याजवळच्या माणसाचं नाव, मग प्रश्न, मग ही शपथ. पुढची सहा-सात वर्षं हेच चाललं. तिचा आवाज बसत गेला. कधी कधी बोलता बोलता ती थांबे आणि मला तिचा दम लागलेला ऐकू येई. मी विचारलं नाही. आमचं तसं बोलणंच नव्हतं.

ती निवृत्त झाली आणि आमच्याच गावात राहायला आली. तिच्या मावशीचं दोन खोल्यांचं घर रिकामं पडलं होतं. नवरा लग्नानंतर वर्षभरात गेलेला, मूल नाही. लोकांना वाटलं, आता नर्स दाराशीच आली. पण घरी विचारायला आलेल्या सगळ्यांना ती पोस्टात पाठवायची. "थंय नवी नर्स आसा. तिका विचार. माज्या डोळ्यांक आता बरा दिसना नाय." दुपारी मात्र ती स्वतः पोस्टाच्या बाकावर येऊन बसायची. तिला पत्र कुणाचंच येत नसे. कुणी फोन करायला आलं की ती आमच्याबरोबर उंडिणीखाली येऊन उभी राहायची. आतला आवाज चढला की तिचे ओठ हलायचे.

एका दुपारी, जेवणवेळ टळून गेल्यावर, ती आली. छत्री नव्हती. केस कपाळाला चिकटलेले. पोस्टात दुसरं कुणी नव्हतं. बाकावर बसली आणि म्हणाली, "मास्तर, दवाखान्याक लावा."

लाइन नशिबाने चटकन लागली. मी फोन तिच्या हातात दिला आणि सवयीने बाहेर जायला निघालो. तिने हाताने थांबवलं.

पलीकडे नवी मुलगी होती. द्वारका नर्सच्याच हाताखाली शिकलेली. तिचा पहिला प्रश्न मला उभ्या जागेवरून ऐकू आला.

"रोग्याजवळ कोण आसा?"

जिने हा प्रश्न हजारदा विचारला असेल, ती आता फोन धरून समोरच्या भिंतीवरच्या टपालाच्या वेळापत्रकाकडे बघत बसली होती. मुलीने पुन्हा विचारलं. नर्सने माझ्याकडे पाहिलं.

"पोस्टमास्तर आसत," ती म्हणाली. आणि फोन मला दिला. "माजी नखां बघा. आणि तिका सांगा."

मी तिचा हात हातात घेतला. तेरा-चौदा वर्षांत पहिल्यांदाच. नखं निळसर होती. बोलताना वाक्य पुरं होत नव्हतं. मी मुलीला सगळं सांगितलं. शेवटी तिने श्वास विचारले. मी माझा एक श्वास घेतला आणि बाईचे मोजले. अडीच. तिकडून आवाज आला, "हाडा. आत्ताच्या आत्ता. बसवन हाडा, निजवन नको."

मी तिजोरीला कुलूप घातलं, पोस्टाला कुलूप घातलं, कामाच्या वेळेत, नोकरीत पहिल्यांदा. होडी मिळाली. पलीकडे गेल्यावर खुर्ची बांधली. माणसं तीनच भरली, म्हणून डाव्या बांबूचं मागचं टोक मी घेतलं. त्यामुळे तिचा शेवटचा चेहरा म्हणून काही माझ्याजवळ नाही. पाठमोरी मान, सुटलेला अंबाडा आणि खुर्चीची पाठ, एवढंच. तीन मैल तिला मी ऐकतच गेलो, पहिली सहा वर्षं ऐकलं तसं.

भिकाजीची आई गेली त्या आंब्याखाली आम्ही खांदे बदलायला थांबलो. तिने मान वळवली नाही. तेवढी ताकदच नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "आसात मां?"

"आसंय, बाय," मी म्हटलं, आणि बांबू पुन्हा खांद्यावर घेतला.